लेझरने चष्मा गेला म्हणजे डोळे ‘बरे’ झाले का? लॅसिकबद्दलचे १० गैरसमज

लग्न ठरलं, भरतीची जाहिरात आली किंवा चष्म्याचा नुसताच कंटाळा आला, की पहिला सल्ला मिळतो, ‘लेझर करून घे, दहा मिनिटांचं काम आहे.’ त्याच्या पाठोपाठ दुसरा सल्ला येतो, ‘डोळ्यांशी खेळ नको, असलेली नजरही जाईल.’

दोन्ही सल्ले देणारी माणसं आपलीच असतात आणि दोन्ही सल्ले अर्धवट असतात. चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया गेली ३० वर्षं जगभर होते आहे. तिचे फायदे माहीत आहेत, मर्यादाही माहीत आहेत. तरीही रील्स आणि फॉरवर्ड्समधून फिरणारी माहिती एक तर फार गोड असते किंवा फार भीतिदायक.

यातल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे. लेझर डोळ्याच्या फक्त सगळ्यात पुढच्या थराचा आकार बदलतो. बाकीचा डोळा आधी जसा होता तसाच राहतो. एवढं लक्षात ठेवलं, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

लेझर नेमकं करतो काय?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखं एक पारदर्शक आवरण असतं. त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. पण डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचं जवळपास दोन तृतीयांश काम हा कॉर्नियाच करतो. उरलेलं काम डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग करतं.

मायनस नंबर असलेल्यांचा डोळा बहुतेक वेळा हवा त्यापेक्षा थोडा लांब असतो. त्यामुळे प्रकाश मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकत्र येण्याऐवजी त्याच्या अलीकडेच एकत्र येतो आणि लांबचं धूसर दिसतं. लेझरने कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट केला, की प्रकाश बरोबर पडद्यावर पडतो. डोळ्याची लांबी मात्र कमी होत नाही.

हे करण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत.

- पीआरके : कॉर्नियावरचा अगदी वरचा, पुन्हा वाढणारा थर बाजूला करून त्याखाली लेझर देतात. तो थर काही दिवसांत परत येतो.
- लॅसिक : कॉर्नियात पातळ झाकण तयार करतात. त्याला फ्लॅप म्हणतात. तो उचलून खाली लेझर देतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात.
- स्माइल : फेमटोसेकंद नावाच्या लेझरने कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कापतात आणि काही मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ती बाहेर काढतात. यात फ्लॅप नसतो.

बोलताना आपण तिन्हींना सरसकट ‘लॅसिक’ किंवा ‘लेझर’ म्हणतो. पण कोणती पद्धत कुणाला चालेल, हे डोळा तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आता एकेक गैरसमज पाहू.

गैरसमज १ : ‘लेझर म्हणजे डोळा भाजतो’

लेझर म्हटलं की लोखंड कापणारा किरण डोळ्यांसमोर येतो. पीआरके आणि लॅसिकमध्ये नंबर घालवण्यासाठी वापरतात तो एक्सायमर लेझर वेगळा असतो. तो १९३ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण सोडतो. हे किरण पेशींमधले रेणूंचे बंध तोडतात. त्यामुळे अतिशय पातळ थर निघून जातो आणि आजूबाजूचा भाग भाजत नाही.

याच्या शोधाची गोष्टही मजेशीर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे या लेझरवर काम करत होते. त्यांपैकी श्रीनिवासन यांचा जन्म आणि शिक्षण मद्रासचं. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते घरी उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत घेऊन आले. त्यावर एक्सायमर लेझर मारला तेव्हा स्वच्छ, रेखीव खाच पडली. साध्या हिरव्या लेझरने मात्र तेच मांस करपलं. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत कॉर्नियावर प्रयोग झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९५ मध्ये पीआरकेसाठी या लेझरला मान्यता दिली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते या तिघांना अमेरिकेचं तंत्रज्ञानातलं सर्वोच्च राष्ट्रीय पदक मिळालं.

गैरसमज २ : ‘पैसे असले की कुणालाही करता येतं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. लेझर कॉर्नियाचा थोडा भाग कायमचा काढून टाकतो. म्हणून आधी तिथे पुरेसा कॉर्निया असावा लागतो.

हिशेब साधा आहे. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मायनस एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया काढावा लागतो. लॅसिकमधला फ्लॅप साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा असतो. शस्त्रक्रियेनंतर फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत असा जुना निकष आहे, आणि आज अनेक सर्जन ३०० मायक्रॉनच्या खाली जाणं टाळतात.

समजा दोघांचाही नंबर मायनस ८ आहे. एकाचा कॉर्निया ५४० मायक्रॉन आहे. त्यातून फ्लॅपचे ११० आणि लेझरचे साधारण १०५ वजा केले, तर ३२५ उरतात. दुसऱ्याचा कॉर्निया ४८० आहे. त्याच्याकडे २६५ उरतात. नंबर तोच, पण पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला बहुधा ‘नाही’.

फक्त जाडी पाहून भागत नाही. काही जणांचा कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. या आजाराला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीला त्याची लक्षणं चष्म्याच्या नंबरासारखीच असतात, नंबर आणि सिलिंडर वाढत जातात, एवढंच. अशा डोळ्यावर लेझर दिला तर आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी फुगू शकतो आणि चष्म्यानेही नीट न दिसण्याची वेळ येऊ शकते.

भारतात याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २.३ टक्के लोकांच्या कॉर्नियाचा बाक केराटोकोनसच्या निकषात बसला. तो निकष ढोबळ होता, त्यामुळे हा आकडा जपून वाचायला हवा. तरीही हा आजार आपल्याकडे दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. डोळे सारखे चोळण्याची सवय आणि केराटोकोनस यांचाही संबंध दिसून आला आहे.

हा आजार साध्या तपासणीत सुटू शकतो. त्यासाठी कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी लागते. ही तपासणी न करता कुणी तारीख देत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

याशिवाय डोळे खूप कोरडे असणं, काही संधिवाताचे आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण आणि बाळाला अंगावर पाजण्याचा काळ, अशा वेळी डॉक्टर थांबायला सांगतात किंवा नाही म्हणतात. तपासणीनंतर मिळालेला नकार निराश करणारा असतो. पण तो तुमचा डोळा वाचवणारा असतो.

गैरसमज ३ : ‘१८ पूर्ण झाले की लगेच करता येतं’

१८ ही खालची मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. महत्त्वाचं असतं ते नंबर स्थिर असणं. निदान गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त बदललेला नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. कॉलेजच्या वयात अनेकांचा नंबर वाढत असतो. त्या काळात लेझर केलं, तर आजचा नंबर जाईल, पण डोळ्याची लांबी वाढायची थांबणार नाही आणि नवा नंबर येईल.

म्हणून जुन्या चष्म्याचे कागद जपून ठेवा. नंबर स्थिर आहे की नाही, हे त्यावरूनच कळतं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून तपासणीआधी सॉफ्ट लेन्स किमान दोन आठवडे आणि कडक गॅस परमिएबल लेन्स किमान तीन आठवडे बंद ठेवायला सांगतात. ‘कालपर्यंत लेन्स होती, पण चालेल’ असं म्हटलं, की मोजमापच चुकतं.

गैरसमज ४ : ‘एकदा केलं की आयुष्यभर चष्मा नाही’

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, ते उगाच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग कडक होऊ लागतं. जवळचं पाहताना ते पूर्वीसारखा आकार बदलू शकत नाही. लेझर होतो कॉर्नियावर, चाळिशी लागते भिंगाला. त्यामुळे २५ व्या वर्षी लॅसिक केलेल्यालाही ४५ व्या वर्षी पेपर वाचायला चष्मा लागू शकतो. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नाही.

उलट एक गंमत आहे. थोडा मायनस नंबर असलेली माणसं पन्नाशीतही चष्मा काढून मोबाइल आरामात वाचतात. लॅसिकने तो मायनस नंबर गेला, की ही सोयही जाते. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर लेझरचा विचार करणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच विचारायला हवा. काही डॉक्टर एका डोळ्यात थोडा मायनस नंबर मुद्दाम शिल्लक ठेवण्याचा पर्याय देतात. त्यात एक डोळा लांबचं आणि दुसरा जवळचं पाहतो. हे सगळ्यांना जमतंच असं नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं पाहायची सवय होते का, हे तपासतात.

लांबचा नंबरही काही जणांना थोडा परत येतो. आधीचा नंबर जितका जास्त, तितकी ही शक्यता जास्त. कॉर्निया पुरेसा उरला असेल तर दुसऱ्यांदा लेझर करता येतो, नाहीतर हलक्या नंबरचा चष्मा वापरावा लागतो.

गैरसमज ५ : ‘नंबर शून्य झाला, आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची गरज नाही’

हा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

मायनस ६ किंवा त्याहून जास्त नंबर असलेला डोळा लांब असतो. त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. तो विरळ होण्याची, त्याला छिद्र पडण्याची आणि तो सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. काचबिंदूचा धोकाही जास्त असतो. लेझरने कॉर्निया सपाट झाला, समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला, तरी मागचा ताणलेला पडदा तसाच राहतो. चष्मा उतरतो, जोखीम उतरत नाही.

अडचण अशी, की चष्मा असताना नंबर तपासायच्या निमित्ताने तरी डॉक्टरकडे जाणं व्हायचं. चष्मा गेला की तेही थांबतं. म्हणून जास्त नंबर असलेल्यांनी लॅसिकनंतरही वर्षातून एकदा थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्यावी.

डोळ्यांसमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम खूप वाढले किंवा एका बाजूने सावली सरकत आल्यासारखी वाटली, तर थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. पडदा सुटत असेल, तर तास आणि दिवस मोजावे लागतात.

आणखी एक गोष्ट. कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्यातला दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. काचबिंदूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला तुमचं लॅसिक झालेलं माहीत नसेल, तर वाढलेला दाब नजरेतून सुटू शकतो. नवीन डॉक्टरकडे गेल्यावर ‘माझं लेझर झालं आहे’ हे पहिलं वाक्य असायला हवं.

गैरसमज ६ : ‘काहीच त्रास होत नाही’

लॅसिकनंतर सर्वाधिक आढळणारा त्रास म्हणजे डोळे कोरडे पडणं. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळ्याला ओलावा हवा आहे हा निरोप याच नसा देतात. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत कमी होतो, पण काहींना तो दीर्घकाळ राहतो. दिवसभर एसीत आणि स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना तो जास्त जाणवतो.

दुसरा त्रास रात्रीचा. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं, प्रकाशाचे फाटे फुटलेले दिसणं. रात्री गाडी चालवणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

याबाबत बऱ्यापैकी नेमके आकडे उपलब्ध आहेत. एफडीए, अमेरिकेची नॅशनल आय इन्स्टिट्यूट आणि तिथलं संरक्षण खातं यांनी मिळून लॅसिक केलेल्यांचा अभ्यास केला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेबद्दल समाधानी होते. पण ज्यांना आधी वलय, चकाकी, दोन-दोन प्रतिमा असा कोणताही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी यातलं एखादं तरी लक्षण नव्याने जाणवत होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना तो नव्याने जाणवला. या त्रासामुळे रोजची कामं करणं फार अवघड झालेल्यांचं प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. बहुसंख्य लोक खूश असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काही ना काही नवीन जाणवतही असतं. जाहिरातीत फक्त पहिला आकडा असतो.

गैरसमज ७ : ‘डोळे जातात’

आता दुसरी बाजू. लॅसिकमुळे पूर्ण अंधत्व येणं अत्यंत दुर्मीळ आहे. गंभीर जंतुसंसर्ग, फ्लॅप सरकणं, कॉर्निया कमकुवत होऊन पुढे येणं, अशा गुंतागुंती होऊ शकतात, पण त्या क्वचित होतात आणि वेळेत लक्षात आल्या तर बहुतेकांवर उपचार आहेत. कॉर्निया पुढे येऊ लागला तर क्रॉसलिंकिंग नावाच्या उपचाराने तो थांबवण्याचा प्रयत्न करता येतो.

क्वचित म्हणजे शून्य नव्हे. ‘शंभर टक्के सेफ’ असं कुणी म्हणत असेल, तर ते डॉक्टरचं बोलणं नाही, विक्रेत्याचं आहे.

गैरसमज ८ : ‘मध्येच डोळा हलला तर संपलंच’

शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही जागे असता. इंजेक्शन नसतं, डोळा बधिर करणारे थेंब टाकतात. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी क्लिप लावतात. त्यामुळे ‘मी डोळे मिटले तर?’ हा प्रश्नच उरत नाही. एक्सायमर लेझरच्या यंत्रात डोळ्याचा माग काढणारी यंत्रणा असते. डोळा थोडा हलला तर लेझर त्याच्यासोबत हलतो, जास्त हलला तर थांबतो.

फ्लॅप करताना डोळ्यावर दाब जाणवतो आणि काही सेकंद अंधारल्यासारखं होतं. प्रत्यक्ष लेझर बहुतेकदा एका मिनिटाच्या आतच आटोपतो. दोन्ही डोळे मिळून १५-२० मिनिटं लागतात. लॅसिकनंतर काही तास चुरचुर होते. पीआरकेमध्ये मात्र दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे जाऊ शकतात.

म्हणून ‘दहा मिनिटांचं काम’ हे अर्धसत्य आहे. शस्त्रक्रिया तेवढीच असते, पण आधीची तपासणी आणि नंतरची काळजी आठवड्यांची असते. डोळे चोळायचे नाहीत, काही आठवडे पोहायचं नाही, साधारण दोन आठवडे डोळ्यांना मेकअप करायचा नाही. लग्नाच्या तोंडावर लेझर करणाऱ्यांनी तारखा नीट मोजाव्यात. हळद, काजळ, फोटोंचे फ्लॅश आणि वरातीतला गुलाल ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्याला झेपत नाहीत. दोन-तीन महिने आधीचा विचार केलेला चांगला.

गैरसमज ९ : ‘सगळ्यात महाग मशीन म्हणजे सगळ्यात चांगलं ऑपरेशन’

स्माइलमध्ये फ्लॅप नसल्यामुळे कमी नसा कापल्या जातात. पण दूरच्या प्लस नंबरसाठी आजही लॅसिकच जास्त वापरतात. पीआरके ही सगळ्यात जुनी पद्धत, पण कॉर्निया थोडा पातळ असलेल्यांसाठी किंवा बॉक्सिंग, कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांसाठी तीच बरी ठरते, कारण फटका बसून सरकेल असा फ्लॅपच नसतो. लॅसिकचा फ्लॅप जागेवर बसतो, पण मूळ कॉर्नियाइतका मजबूत पुन्हा होत नाही.

नंबर फारच जास्त असेल किंवा कॉर्निया पातळ असेल, तर यापैकी काहीच नको, असंही उत्तर असू शकतं. अशा वेळी डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा पर्याय असतो. त्याला आयसीएल म्हणतात. त्यात कॉर्निया झिजवावा लागत नाही. पण ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे आणि तिची जोखीम वेगळी आहे.

पॅकेजचं नाव पाहून पद्धत ठरवू नका. आधी डोळ्याचे आकडे, मग पद्धत, मग खर्च.

गैरसमज १० : ‘मोतीबिंदूचं लेझर आणि हे एकच’

‘आईचा मोतीबिंदू लेझरने काढला’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. प्रत्यक्षात मोतीबिंदूच्या बहुतेक बिनटाक्याच्या शस्त्रक्रिया फेको पद्धतीने होतात. त्यात अल्ट्रासाउंडच्या लहरींनी गढूळ झालेलं भिंग फोडून बाहेर काढतात आणि कृत्रिम लेन्स बसवतात. लॅसिकचा भिंगाशी संबंध नाही. त्यामुळे लॅसिक केलं म्हणून मोतीबिंदू टळत नाही आणि लॅसिकमुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशक्यही होत नाही.

एक पेच मात्र आहे. मोतीबिंदूच्या वेळी कोणत्या नंबरची लेन्स बसवायची, हे कॉर्नियाच्या मोजमापावरून ठरतं. लॅसिकने ते मोजमाप बदललेलं असतं आणि नेहमीचं गणित चुकू शकतं. जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरला मोठी मदत होते. आज पंचविशीत केलेल्या ऑपरेशनची फाइल साठीत कामाला येईल. तिचे फोटो काढून घरच्या माणसांसोबतही शेअर करून ठेवा.

नोकरी, विमा आणि नेत्रदान

भरती : ‘लेझर केलं की सैन्यात घेत नाहीत’ आणि ‘लेझर केलं की नक्की घेतात’, दोन्ही सरसकट खरं नाही. सैन्यदलांच्या अनेक पदांसाठी लेझर चालतो, पण शस्त्रक्रियेच्या वेळचं वय, त्यानंतर गेलेले महिने, डोळ्याची लांबी, उरलेली जाडी यांच्या अटी असतात आणि पदानुसार त्या बदलतात. आधी ताजी जाहिरात वाचा, मग ऑपरेशनचं ठरवा. लपवून उपयोग नाही, कॉर्नियाच्या नकाशात लेझर स्पष्ट दिसतो.

विमा : भारतातल्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांनुसार ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळता येतो. त्याहून जास्त नंबर असेल तर तुमच्या पॉलिसीतल्या अटी वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

नेत्रदान : चष्मा असलेले लोक नेत्रदान करू शकतात. लॅसिक झालेल्यांनीही संकल्प सोडायची गरज नाही. असा कॉर्निया पूर्ण प्रत्यारोपणासाठी सहसा वापरत नाहीत, पण त्याचा आतला थर चांगला असेल तर फक्त त्या थराच्या प्रत्यारोपणासाठी तो उपयोगी पडू शकतो.

‘हो’ म्हणण्याआधी हे विचारा

- माझ्या कॉर्नियाची जाडी किती आहे आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल?
- टोपोग्राफीत केराटोकोनसची शंका आहे का?
- थेंब टाकून पडदा तपासला का? तिथे काही दुरुस्ती लागेल का?
- माझे डोळे आधीपासून कोरडे आहेत का?
- माझ्यासाठी हीच पद्धत का? दुसरी का नाही?
- नंबर थोडा उरला किंवा परत आला तर पुढे काय आणि त्याचा खर्च कोणाचा?
- शस्त्रक्रिया आणि नंतरची तपासणी कोणते डॉक्टर करणार?
- सगळ्या तपासण्यांचे कागद मला मिळतील का?

या प्रश्नांना आकड्यांसह उत्तरं मिळाली तर निर्णय घेणं सोपं होतं. ‘त्याचं टेन्शन घेऊ नका, ऑफर या आठवड्यापुरतीच आहे’ असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चष्म्याचा नंबर ही आणीबाणी नाही. तो आणखी सहा महिने नाकावर राहिला तरी डोळ्याचं काही बिघडत नाही. घाईत काढलेला कॉर्निया मात्र परत बसवता येत नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या डोळ्यांबाबतचा निर्णय नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीनंतरच घ्या.)